राखण कोणाची, भरपाई कोणाची?



तिसगावात बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली, चहा आला. मग एका मावशींनी हळूच विचारलं, "कोणी आपल्या माणसाचा जीव घेतला आणि सरकारने पैसे देऊ केले, तर ते घ्यावेत का गं? लोक म्हणतील, नवऱ्याच्या जिवाचे पैसे खाल्ले."

सगळ्या गप्प झाल्या. मग कोपऱ्यातून दुसरी म्हणाली, "आणि लेकीबाळीच्या बाबतीत काही वाईट झालं असलं तर? पैसे घेतले म्हणजे प्रकरण मिटवलं, असंच गाव म्हणेल."

आम्हाला उत्तर लगेच देता आलं नाही. योजना माहीत होती, अर्ज कुठे करायचा तेही माहीत होतं. पण अडचण अर्जाची नव्हतीच, मनाची होती. हा पैसा आहे तरी कोणता? दया, दान, सौदा की आणखी काही? ते कळायला हा हक्क आला कुठून हे बघावं लागतं. म्हणून आजचं आमचं बोलणं इतिहासाचं आहे. आणि हा इतिहास आपल्या वेशीपासूनच सुरू होतो.

वेस आणि जागल्या

दोनशे वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या गावांना वेस असायची. रात्री वेस बंद व्हायची आणि जागल्या राखणीला असायचा. कुठे तो रामोशी असे, कुठे भिल्ल, कुठे महार किंवा मांग. गाव त्याला धान्याचा वाटा द्यायचं, आणि त्या बदल्यात गावच्या जीवावित्ताची राखण त्याच्याकडे असायची.

आता ऐका, चोरी झाली तर काय व्हायचं. जागल्या चोराचा माग काढायचा. मातीतल्या पाऊलखुणांचं माप घ्यायचा आणि माग धरून शिवेपर्यंत जायचा. पाऊल शेजारच्या गावच्या हद्दीत गेलं, की ते माप आणि बाकीच्या खुणा तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. आता जबाबदारी त्या गावाची. असं करत ज्या गावात माग संपेल, ते गाव चोरीच्या मालाचं देणेकरी. आधी जागल्याने ऐपतीप्रमाणे भरायचं, उरलेलं सगळ्या गावाने.

ही पद्धत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि आपला हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. त्यानंतर १८१९ मध्ये त्याने जो अहवाल लिहिला, त्यात हे आहे. पूर्ण वसुली दर वेळी होत नसे, पण काहीतरी दंड गावावर बसतच असे, असंही तो सांगतो. या पद्धतीत अन्याय होता, हेही त्याने लिहिलं. खरंच होता. चोरी थांबवणं ज्याच्या हातात नाही, अशा गरीब जागल्याच्या डोक्यावर ते ओझं पडायचं. शिवाय हा नियम चोरीच्या मालाचा होता. बाईच्या अंगावर हात पडला, तिचा संसार उघड्यावर आला, तर काय, हे या हिशेबात धरलेलंच नव्हतं.

म्हणजे ते दिवस चांगले होते, असं आम्ही म्हणत नाही. पण त्यातली एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवण्यासारखी आहे. ज्याने राखणीचा शब्द दिला, त्याची राखण चुकली तर नुकसानाचं देणं त्याच्यावर येतं. ज्याचं चोरीला गेलं त्याने हात पसरायचा नाही. देणं आधीच ठरलेलं आहे.

राखण सरकारने घेतली, देणं मात्र राहिलं

इंग्रजांनी गावाच्या हातून राखण काढली आणि आपल्याकडे घेतली. पोलीस आले, ठाणी आली, कोर्ट आलं. गुन्हा झाला की तो सरकारविरुद्धचा गुन्हा, असं ठरलं. आजही खून, बलात्कार, दरोडा अशा खटल्यात कोर्टात पुकारा होतो तो 'सरकार विरुद्ध अमुक' असा. ज्या बाईचं सगळं गेलं, ती त्या खटल्यात फक्त साक्षीदार. तिने यायचं, सांगायचं, उलटतपासणी सोसायची आणि घरी जायचं. आरोपीला दंड झाला तर तो सरकारी तिजोरीत.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत एक बारीकशी वाट होती. वसूल झालेल्या दंडातून काही रक्कम नुकसान झालेल्या माणसाला द्यावी, असं कोर्ट सांगू शकत होतं. पण त्यासाठी आरोपी सापडला पाहिजे, गुन्हा शाबीत झाला पाहिजे, दंड झाला पाहिजे आणि तो भरलाही गेला पाहिजे. इतक्या उंबऱ्यांतून किती पैसा घरापर्यंत पोचणार?

स्वातंत्र्यानंतर १९७३ मध्ये नवी संहिता आली. तिच्या कलम ३५७ ने एक पाऊल पुढे टाकलं. दंड केला नसला तरी आरोपीने भरपाई द्यावी, असा हुकूम कोर्ट देऊ शकत होतं. पण देणारा पुन्हा आरोपीच. आरोपी फरार असेल, किंवा त्याच्याच घरात दाणा नसेल, तर हुकुमाचा कागद घेऊन करायचं काय?

चारशे बेचाळीस वर्षांचा हप्ता

हीच अडचण सातासमुद्रापार एका बाईच्या ध्यानात आली. तिचं नाव मार्जरी फ्राय. इंग्लंडमधली ही बाई आयुष्यभर तुरुंगसुधारणेचं काम करत होती. कैद्यांसाठी झगडताना तिला दिसलं, की ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

तिने एक उदाहरण दिलं. एका माणसाला दोघांनी इतकं मारलं की त्याची दृष्टी गेली. त्याला ११,५०० पौंड भरपाई ठरली. पण मारणारे गरीब होते, म्हणून दोघांनी आठवड्याला प्रत्येकी ५ शिलिंग द्यायचे ठरले. वीस शिलिंगांचा एक पौंड. आपल्या गटातल्या हिशेबनीस ताईंनी हा हिशेब करून बघावा. शेवटचा हप्ता मिळायला त्या आंधळ्या माणसाला ४४२ वर्षं जगावं लागलं असतं!

१९५७ मध्ये तिने वर्तमानपत्रात लिहिलं, की हा भार सगळ्या समाजाने उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी ती वारली. पण १९६३ मध्ये न्यूझीलंडने तसा कायदा केला आणि १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये योजना सुरू झाली. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही जाहीर केलं, की गुन्हेगाराकडून भरपाई मिळत नसेल तिथे सरकारांनी ती देण्याचा प्रयत्न करावा.

आपल्या देशात याला तोंड फुटलं ते कष्टकरी बायांच्या एका प्रकरणातून. फेब्रुवारी १९९३ मध्ये घरकाम करणाऱ्या काही मुली मुरी एक्स्प्रेसने दिल्लीकडे चालल्या होत्या. चालत्या गाडीत त्यांच्यावर अत्याचार झाले. दिल्लीतल्या घरकामगार स्त्रियांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की अशा स्त्रियांच्या भरपाईसाठी मंडळ असावं, आणि आरोपीला शिक्षा होवो न होवो, भरपाईचा विचार व्हावा. धक्क्याने या बाया कामावर जाऊ शकत नाहीत, त्यांची रोजीरोटी तुटते, हेही न्यायालयाने ध्यानात घेतलं. रोजी बुडणं हेसुद्धा नुकसान आहे, हे कोर्टाच्या कागदावर आलं.

पण सांगणं आणि होणं यात पुढची पंधरा वर्षं गेली. आणि त्या पंधरा वर्षांतच आपल्या तालुक्यातली एक रात्र येते.

कोठेवाडी

जानेवारी २००१. आपल्या पाथर्डी तालुक्यातल्या कोठेवाडीवर रात्री दरोडा पडला. माणसांना मारलं, होतं नव्हतं ते लुटलं, आणि बायांवर अत्याचार केले. सारा महाराष्ट्र हादरला. नेते आले, पत्रकार आले. आरोपी पकडले गेले, खटला चालला, शिक्षा झाली.

त्या घरांची ओळख आम्ही सांगणार नाही. कायदा तसं सांगतो आणि आपलं मनही तेच सांगतं. आम्हाला सांगायचं आहे ते एवढंच, की त्या दिवशी कायद्याचं पुस्तक उघडून बघितलं असतं, तर सरकारने या बायांना हक्काने काही द्यावं, असं एक कलम त्यात सापडलं नसतं. मदत मिळायची तर ती कोणाच्या मर्जीवर, कोणाच्या घोषणेवर. वस्तीची राखण सरकारकडे होती. त्या रात्री ती चुकली. पण जुन्या गावाला जे देणं लागू होतं, ते नव्या सरकारला लागू नव्हतं.

कायदा आला, पण कोर्टांनाच आठवेना

३१ डिसेंबर २००९ पासून कलम ३५७-अ लागू झालं. त्याने सांगितलं, की प्रत्येक राज्याने पीडितांच्या भरपाईसाठी योजना करावी आणि त्यासाठी निधी ठेवावा. देणारं सरकार. आरोपी सुटला तरी पीडितेच्या पुनर्वसनाची गरज असेल तर कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं. आणि आरोपी सापडलाच नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा तिच्या आधारावर जगणारी माणसं स्वतः अर्ज करू शकतात. तुटलेली दोरी पुन्हा बांधली ती इथे. राखण ज्याची, देणं त्याचं.

तरी कागदावरचं माणसापर्यंत यायला वेळ लागतोच. त्याची साक्ष देणारा एक खटला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. फेब्रुवारी २००६ ची रात्र. नवरा-बायको शेतात पिकाची राखण करत होते. वाटेने चाललेल्या माणसांवर त्यांचा कुत्रा भुंकला. त्या माणसांनी कुत्र्याला लोखंडी पाइपने मारलं. "मुक्या जनावराला का मारता," म्हणून नवऱ्याने हटकलं, तर त्यालाच मारलं. त्यात तो गेला. खालच्या कोर्टात जन्मठेप झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३ मे २०१३ रोजी न्यायमूर्ती टी. एस. ठाकूर आणि ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. हा प्रकार अचानक झालेल्या भांडणाचा होता, म्हणून शिक्षा पाच वर्षांवर आली.

मग न्यायालयाने एक वेगळाच प्रश्न विचारला. या घराला भरपाई द्यावी का, याचा विचार कोणत्या कोर्टाने केला? कोणीच केला नव्हता. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की भरपाईचा विचार करणं हे प्रत्येक फौजदारी खटल्यात कोर्टाचं कर्तव्य आहे. द्यायची किंवा नाही द्यायची, त्याची कारणं निकालपत्रात लिहिली पाहिजेत. खालच्या कोर्टांना या कलमाची जाणच दिसत नाही, अशी खंतही त्यांनी नोंदवली.

आणि त्या शेतातल्या बाईला काय मिळालं? काही नाही. इतक्या वर्षांनी खटला परत पाठवण्यात अर्थ नाही, यापुढे कोर्टांनी काळजी घ्यावी, असं म्हणून न्यायालयाने प्रकरण संपवलं. तिच्या खटल्याने देशभरच्या बायांसाठी दार उघडलं, आणि ती स्वतः बाहेरच राहिली. आज कोणी आपल्याला सांगितलं, की भरपाई मागणं शोभत नाही, तर या बाईची आठवण ठेवा. तिच्यासाठी वेळेवर कोणी मागितलंच नाही.

त्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, लक्ष्मी अगरवाल यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना किमान ३ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. त्यातला १ लाख पंधरा दिवसांत. लक्ष्मीवर हल्ला झाला २००५ मध्ये, तेव्हा ती शाळकरी वयाची होती. ती कोर्टात गेली २००६ मध्ये. सात वर्षं तिने धीर सोडला नाही.

२ ऑक्टोबर २०१३ पासून महाराष्ट्रात मनोधैर्य योजना सुरू झाली. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या स्त्रिया व मुलांसाठी ती आहे. सुरुवातीला मदत २ ते ३ लाखांपर्यंत होती. रक्कम अपुरी आहे, वेळेवर मिळत नाही, म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये मर्यादा १० लाखांपर्यंत वाढली. बाकीच्या गुन्ह्यांसाठी, म्हणजे खून, कायमचं अपंगत्व अशांसाठी, राज्याची पीडित भरपाई योजना २०१४ मध्ये आली. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्यात हाच हक्क कलम ३९६ मध्ये आहे. नंबर बदलला, हक्क तोच.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर

आता परत आपल्या बैठकीत येऊ. जिवाचे पैसे घेतले असं होतं का? नाही. जिवाची किंमत कोणी करत नाही आणि करू शकत नाही. हे पैसे मागे राहिलेल्यांच्या भाकरीचे, औषधाचे, पोरांच्या शाळेचे आहेत.

प्रकरण मिटवलं असं होतं का? मुळीच नाही. आरोपीच्या माणसांनी गुपचूप पैसे देऊन तोंड बंद करणं, ती तडजोड. बलात्कारासारख्या गुन्ह्यात तशी तडजोड कायद्याला मान्यच नाही. सरकारी भरपाई वेगळी. ती घेतली तरी खटला चालूच राहतो, साक्ष द्यायचीच असते आणि आरोपीची शिक्षा एका दिवसाने कमी होत नाही.

मग करायचं काय, तेही थोडक्यात सांगतो.

फिर्याद नोंदवा आणि तिची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते, तो हक्क आहे. आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला दूरच्या जिल्ह्यांत जातात. तिकडे काही घडलं तर "हे आमच्या हद्दीत नाही" असं म्हणून पोलिसांना परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवावी लागते, मग ती योग्य ठाण्याकडे जाते. पूर्वी पाऊलखुणा एका शिवेवरून दुसऱ्या शिवेत हवाली करायचे, तसंच हे.

दवाखान्याचे कागद जपून ठेवा. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यात प्रथमोपचार आणि इलाज सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दवाखान्याने ताबडतोब आणि फुकट करायचा आहे.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. ते अहिल्यानगरला जिल्हा न्यायालयात आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर पाथर्डीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे विचारा. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे कागद, आधार, बँकेचं पासबुक आणि माणूस गेला असेल तर मृत्यूचा दाखला एवढं जवळ ठेवा.

अर्जावर चौकशी करून दोन महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायदा म्हणतो. तोवर थांबणं शक्य नसेल तर तातडीची अंतरिम मदत मागता येते. ते अर्जात स्पष्ट लिहा. उशीर करू नका, अर्जाला मुदत असते. आणि हे लक्षात ठेवा, की सगळी रक्कम एकदम हातात येत नाही. मोठा हिस्सा पीडितेच्या नावाने मुदतठेवीत राहतो. हे बरंच आहे. भाऊबंदांच्या नजरेपासून पैसा राखला जातो. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांसाठी वेगळ्या कायद्याखाली वेगळं साहाय्य आहे. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

शेवटचं गटाचं काम. ज्या घरात असं काही घडतं, त्या घरातली बाई पहिले काही आठवडे उठूच शकत नाही. तिला कलम आठवत नाही, कागद सापडत नाहीत. म्हणून एकीने तिच्यासोबत ठाण्यात जावं, एकीने कागद एका पिशवीत जमवावेत, एकीने तारखा वहीत लिहाव्यात. आणि कोणी "पैसे घेतले" म्हणून कुजबुजलं, तर सगळ्यांनी मिळून सांगावं, की तिने काही घेतलं नाही, तिचं येणं होतं ते वसूल केलं.

आता त्या मावशी पुन्हा विचारतील तर आमच्याकडे उत्तर आहे. घ्या मावशी. मान ताठ ठेवून घ्या. राखणीचा शब्द त्यांनी दिला होता, तुम्ही नाही.